फक्त दुधावर

आईच्या दुधात मुलाचं सगळं भविष्य साठवलेलं असतं. हे वाक्य माझं नाही. मुलुंडच्या एका सभागृहात, महिला मंडळाच्या 'आदर्श माता' सत्कारात, प्रमुख पाहुण्यांनी ते माझ्या खांद्यावर शाल घालताना माइकवर म्हटलं होतं. त्यानंतर वर्षभराच्या आतच घाटकोपरच्या एका दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्या मुलाची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "हा खातो काय?"

"दूध," मी म्हटलं. आवाजात थोडा अभिमानही होता. सवयीचा.

"आणि?"

आणि काही नव्हतं.

मिहिर तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. त्याच्या रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती उरला आहे ते. साठा जवळजवळ संपलेला होता. आयर्न डेफिशियन्सी ॲनिमिया, डॉक्टर म्हणाल्या. लोह कमी, म्हणून रक्त फिकं.

मी मात्र रक्तासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते त्याच्या स्वभावासाठी.

मिहिर चावायचा. दिवसभर कुरकुरायचा, धड झोपायचा नाही, हातात येईल ते फेकायचा. आम्ही सोसायटीच्या बागेत शिरलो की बाकावरच्या बायका आपापल्या मुलांना हाका मारायच्या. घसरगुंडी रिकामी व्हायची. मुंबईत मोकळी घसरगुंडी मिळणं भाग्याचं; आम्हाला ती रोज मिळायची.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. नवरा बोटीवर इंजिनियर, सहा-सहा महिने घरी नसतो, म्हणून. मोबाइल दाखवते, म्हणून. एक म्हणाली, "तू फार दिवस अंगावर पाजलंस ना गं, अशी मुलं हट्टीच होतात." माझ्या सत्काराला ती पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

प्लेग्रुपच्या बाईंनी गोड आवाजात सुचवलं, की त्याला थोडे दिवस घरीच ठेवा, सेटल झाला की बघू. सेटल होण्यासाठीच त्याला तिथे घातलं होतं.

नवऱ्याचा फोन बंदर जवळ आलं की यायचा. मी सांगायचे, सगळं ठीक आहे. समुद्रातून तो काय करणार होता?

मग एका दुपारी बाटली हातातून निसटली म्हणून मिहिर रडायला लागला आणि रडता रडता त्याचा श्वासच थांबला. ओठ निळे पडले, अंग ढिलं झालं. स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याला कुशीवर ठेवून मी त्याचं नाव घेत राहिले. दुसऱ्या कुणाला हाक मारावी असं घरात कुणी नव्हतं. काही क्षणांनी तो आपोआप श्वास घ्यायला लागला आणि थकून झोपला. मी मात्र फरशीवरून बराच वेळ उठले नाही.

याला ब्रेथ होल्डिंग स्पेल म्हणतात, हे मला दवाखान्यात कळलं. मूल मुद्दाम करत नाही, आणि लोह कमी असेल तर हे जास्त होऊ शकतं. मग मी भीतभीत सांगितलं, की तो भिंतही चाटतो. खिडकीखालचा रंग त्याने पार उडवला होता. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यालाही नाव होतं, पायका, म्हणजे न खाण्याच्या वस्तू खाण्याची ओढ.

"म्हणजे माझं दूध..." मी म्हटलं.

"तुमच्या दुधाचा काही दोष नाही. ते चांगलंच होतं. पण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, वर लोह असलेलं जेवण लागतं. तुम्ही अंगावरचं सोडवलंत आणि गाईच्या दुधाच्या बाटल्या सुरू केल्यात. त्याने पोट भरतं, पण लोह मिळत नाही. तो रागीट नाहीये हो. दमलाय."

वर्षभर मी एका दमलेल्या मुलाला शिस्त लावत होते.

मी विचारलं, स्वभावावर झालेला परिणाम कायमचा राहील का? त्या म्हणाल्या, "लोह भरून काढता येईल. वागणं किती सुधारेल ते बघत राहायचं. खोटं आश्वासन देणार नाही."

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेवढेच द्यायचे, दुधाबरोबर नाही. शी काळी होते, घाबरायचं नाही. मूल ते थेंब कपड्यांवर थुंकतं. आणि डाग निघत नाहीत.

बाटल्या कमी करण्याचे दिवस सर्वांत वाईट गेले. तो माझ्याकडे पाहून रडायचा आणि मी त्याच्या ओठांचा रंग बघत बसायचे. पुढे तो सलग झोपायला लागला. एकदा माझ्या ताटातली मुगाची उसळ त्याने मुठीने उचलून खाल्ली. ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला फोन केला. ती "बरं" म्हणाली.

पुढच्या तपासणीत साठा वाढलेला होता. भिंत चाटणं थांबलं, श्वास अडकणंही. चावणं कमी झालं. मधे एकदा मला चावला. डॉक्टर म्हणाल्या, सगळंच लोहाच्या माथी मारू नका, दोन वर्षांचा आहे तो.

बागेत परवा आम्ही घसरगुंडीकडे गेलो, तेव्हा एक मुलगी वरच बसून राहिली. तिच्या आईने हाक मारली नाही. मी पहिल्यांदाच त्या बाकावर टेकले.

गेल्या आठवड्यात महिला मंडळाच्या नाडकर्णी काकूंचा फोन आला. मागच्या त्या सत्काराच्या वेळी मिहिरला भूक लागली होती, तर त्याला पाजायला सभागृहात जागा नव्हती. चपलांच्या रॅकमागे बसून पाजलं होतं, आणि स्टेजवरून माझं नाव दोनदा पुकारलं गेलं होतं. यंदा मी आदर्श माता म्हणून चार शब्द बोलावेत, असं काकूंचं म्हणणं होतं. मी म्हटलं, येईन, पण सहा महिन्यांनंतरच्या जेवणावर बोलेन. त्या "चालेल" म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ती शाल घालून येशील ना गं? फोटोत छान दिसेल."

मी सांगितलं, औषध देताना ती मिहिरच्या गळ्याभोवती बांधते. डाग निघत नाहीत.