जवानाच्या डोळ्यांची आखणी

पेन्शनीत निघून निडीला परतलो, त्या दिवसापासून मी गावच्या स्मारकासमोरून मान खाली घालून जात आलो. लोकांना वाटायचं, हवालदार शहिदांना मान देतोय. खरं म्हणजे मला त्या सिमेंटच्या जवानाच्या डोळ्यांची भीती वाटायची.

मूळ पुतळा शोक शस्त्रच्या, म्हणजे शहिदांना मानवंदना देण्याच्या, पवित्र्यात होता. रायफलची नळी खाली, मान झुकलेली, डोळे मिटलेले. पुढे कधीतरी डागडुजीला पेणच्या गणपती कारखान्यातला कारागीर आणला. मूर्ती म्हटली की डोळ्यांची आखणी आलीच, या हिशेबाने त्याने पापण्या खरवडून टपोरे उघडे डोळे काढले. गाव खूश झालं. पण मान झुकलेली, त्यामुळे नजर थेट पायरीवरच्या माणसावर पडायची. खालच्या दगडावर शेवटचं नाव दत्तारामचं.

लान्स नायक दत्ताराम माझ्याच गावचा, माझ्याच सेक्शनचा. पश्चिम सीमेवर आमची पोस्ट होती. साडेपाचला स्टँड टू, म्हणजे शस्त्र घेऊन आपापल्या मोर्च्यावर सज्ज, साडेसहाला चहा, सातला शस्त्रसफाई. त्या दिवशी चहा झालाच नाही. सहा दहाला मॉर्टरचा मारा सुरू झाला आणि पहिल्याच गोळ्याचा स्प्लिंटर दत्तारामच्या मानेत घुसला. तो जागीच गेला.

मी वायरलेस उचलला. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"पोस्ट सोडू नका. आउट."

चाळीस मिनिटं मी त्याच्या शेजारी पडून होतो. चेहरा वीतभर अंतरावर, डोळे उघडे. खंदक खोल होता, हात लांबवून ते मिटले असते तर काही बिघडत नव्हतं. पण माझी छाती झाली नाही. मी मातीत तोंड खुपसलं. सहा पन्नासला मारा थांबला. त्याला दुसऱ्यांनी उचललं.

घरी पत्र मात्र मी लिहिलं, की त्याचे डोळे मी माझ्या हाताने मिटले. त्याची बायको वेणूवहिनी हे सगळ्या गावाला अभिमानाने सांगत आली.

यंदा मूळ पुतळ्याचा जुना फोटो सापडला. स्मारक मूळच्यासारखं करायचं ठरलं. पेणहून मूर्तिकार आले, रंगाचे थर घासून काढले, डोळ्यांवर ओलं सिमेंट थापलं. आता फक्त पापण्या अंगठ्याने खाली ओढायच्या होत्या.

वहिनी पुढे झाल्या. "भावोजी, तिकडं तुमीच मिटले ना? मग हितं पण तुमच्याच हातानं होऊ दे."

मॉर्टरलाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

"लवकर करा, माल सुकतोय," मूर्तिकार म्हणाले.

"वहिनी, मी नाय मिटले," मी म्हणालो. "घाबरलो होतो. पत्रात खोटं लिवलं."

वहिनींनी शिडीकडे बोट केलं.

"मग आता मीट," त्या म्हणाल्या.

आजवर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

मी शिडी चढलो. दोन्ही अंगठे टेकवले, खाली ओढले. डावी पापणी जरा वाकडी झाली. मूर्तिकार सारखी करायला सरसावले, तर वहिनी म्हणाल्या, "नको. ऱ्हाऊ दे."

मी खाली उतरलो, सावधान झालो आणि मान वर करून सॅल्यूट केला. दगडावरचं शेवटचं नाव मोठ्याने वाचलं: लान्स नायक दत्ताराम, निडी.