हनुवटीमुळे सम्राट झालेला विणकर

बेल्जियममधल्या गेंट शहरात माणसाच्या गळ्यात फास पडला की शेजारीपाजारी त्याचं अभिनंदन करायला येतात. नवीन माणसाला याचा अर्थ लागत नाही आणि जुन्या माणसाला त्यात अर्थ लावण्यासारखं काही आहे असं वाटत नाही.

झालं होतं असं, की सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी सम्राट कारेल, जो इथेच जन्मला आणि मग जगभर राज्य करत हिंडला, त्याने लढाईसाठी आमच्याकडे कर मागितला. लढाई त्याची, कर आमचा. विणकरांनी हात वर केले. मग तो फौज घेऊन आला आणि त्याने विणकरांना पांढऱ्या सदऱ्यात, अनवाणी, गळ्यात दोर घालून आपल्या वाड्यासमोर गुडघ्यांवर बसवलं, माफी मागायला लावली. दुसऱ्या एखाद्या शहराने ही गोष्ट लाजेपोटी गाडून टाकली असती. आम्ही तो दोर ठेवून घेतला. जुलैच्या जत्रेत आमच्या गिरणीभागातली मंडळी आपली छोटी मिरवणूक काढतात आणि तिच्यात गळ्यात दोर घालून चालायला मिळावं म्हणून सख्खे भाऊ एकमेकांशी वर्षभर बोलत नाहीत.

ओमेर फेरवाटकडे हा दोर बापाकडून आला होता. बाप विणकर, आजा विणकर, आणि पणजी तर सरदारांच्या जुन्या किल्ल्यात सूत काढायची, कारण मध्यंतरी आमच्या लोकांनी त्या किल्ल्यातच कापसाची गिरणी थाटली होती. ओमेर गिरणीमागच्या एका चौकात जन्मला. खाली एक खोली, वर एक खोली, आणि सगळ्या घरांना मिळून एक पंप. मिसरूड फुटायच्या आत तो मागावर उभा राहिला तो केस पांढरे होईपर्यंत. मागांच्या खडखडाटात त्याचे कान अर्धे गेले, पण त्या बदल्यात नजर तयार झाली. समोरच्याचे ओठ हलले की त्याला वाक्य कळायचं. हे एकट्या त्यालाच नव्हे, गिरणीतल्या सगळ्यांनाच यायचं. त्यामुळे आमच्या भागात कुजबुज करायची सोय नाही. गुपित सांगायचं तर तोंडावर हात धरून सांगावं लागतं, आणि तोंडावर हात धरला की सगळ्या गल्लीला कळतं, की इथे काहीतरी शिजतंय.

मग गिरणी बंद झाली. धुराडं पाडलं, जागा सपाट केली, तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या. ओमेरच्या पायांना हे कोणी सांगितलंच नाही. सकाळी पाव आणायला निघालेला माणूस मोटारींच्या मधोमध उभा सापडायचा. कोणी पत्ता विचारला तर तो मोठ्या आपुलकीने सांगायचा, "गिरणीपाशी डावीकडे वळा."

"कुठाय गिरणी?"

"आता नाहीये. पण तुम्ही वळा."

असा गोंधळलेला माणूस वर्षातून एकदा मात्र अगदी ठाम असायचा. जुलैत दोर गळ्यात पडला की त्याला आपण कोण आहोत हे नीट आठवायचं. आणि त्या वर्षी नेमका तोच दोर जायची वेळ आली.

मिरवणुकीची बैठक पोलिडोरच्या बिअरच्या दुकानात भरायची. पोलिडोर म्हणजे आमच्या भागाचा पुढारी. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मिरवणुकीत दरसाल सम्राट कारेल व्हायचा तो खाटीक त्या वर्षी दुकान विकून समुद्राकाठी मुलीकडे राहायला गेला होता. सम्राटाची जागा रिकामी. ओमेर आत आला आणि पोलिडोरने तोंडावर हात धरला.

"काढ तो हात," ओमेर म्हणाला. "काय चाललंय?"

"काही नाही रे. दाढ ठणकतेय."

"दाढ तुझी ठणकतेय आणि बघतोयस माझ्या हनुवटीकडे?"

आता त्या हनुवटीबद्दल सांगायला हवं. सम्राट कारेलच्या कुठल्याही चित्रात त्याची हनुवटी चौकटीबाहेर यायला बघत असते. ओमेरचीही तशीच. ती खोलीत आधी यायची, मागून ओमेर.

"हे बघ ओमेर," पोलिडोरने हात काढला, "खाटकाला आम्ही दरसाल मेणाची हनुवटी चिकटवायचो. ती उन्हात वितळायची. तुझी कशी, देवाची देणगी आहे!"

"देवाची नाही, आईची. आणि माझी आई भाजी विकायची."

"बघा! म्हणजे सम्राट कुठे कुठे भाजी घ्यायला जात होता!"

दुकान हसून हसून आडवं झालं. ओमेरने ग्लास असा आपटला की फेस छताला लागला.

"माझा बाप संपात लाल झेंडा घेऊन पुढे असायचा! मी उभ्या जन्मात मालकापुढे टोपी काढली नाही! आणि मी आपल्याच माणसांना गुडघ्यांवर बसवू?"

"तू कशाला बसवतोस? ते आपले आपण बसतात. तू नुसतं म्हणायचंस, 'उठा, केलं माफ.' की आपण सगळे इथे बिअर प्यायला मोकळे."

"आणि माझा दोर?"

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. तिथे हिकमत बसला होता. तुर्कस्तानातून आलेला, ओमेरच्याच गल्लीत राहणारा, कालव्यापलीकडच्या एका गिरणीत पाळी करणारा. आमच्या भागात मागावर उभा राहणारा माणूस आता तो एकटाच उरला होता.

"दोर विणकराचा ना?" पोलिडोर हळूच म्हणाला. "मग खरा विणकर आता हाच आहे. आपण सगळे पेन्शनीतले."

ओमेरने रागवावं तर पोलिडोरचं म्हणणं खरं होतं, आणि मान्य करावं तर आपण कोण, हा प्रश्न उरत होता. तो 'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही, आणि पोलिडोरच्या राज्यात याला एकमत म्हणतात. ओमेरने बैठकीला आणलेला दोर हिकमतच्या हाती गेला.

घरी लेओनीने बिअरमध्ये शिजवलेलं मटण वाढलं. त्यावर मोहरी लावलेला पाव.

"मला सम्राट केलंय," ओमेर ताटाकडे बघत म्हणाला.

"अगं बाई! मग राणीने भांडी घासायची का?"

"लेओनी, थट्टा नको. दोर गेला आपल्या घरातला."

"गेला तर गेला. दरसाल मीच तो धुऊन वाळत घालते. शेजारीण विचारते, घरी सगळं ठीक आहे ना?"

"बाबांना काय वाटेल?"

"बाबा वर आहेत. खालच्या मिरवणुकीत ते लक्ष घालत नाहीत. मोहरी दे इकडे."

दुसऱ्या दिवशी हिकमत स्वतःच दोर घेऊन दारात आला. "ओमेरदादा, हा तुमचा तुम्ही ठेवा. तुमच्या घराण्याचा आहे म्हणे. मला तर यातलं काही कळलेलंच नाही. तुमची माणसं तेव्हा हरली ना?"

"हरली."

"मग हा सण कसला?"

"हरल्याचा."

"हरल्यावर सण करतात?"

"जिंकणाऱ्याने केला नाही, म्हणून आम्ही करतो," ओमेर म्हणाला, आणि हे उत्तर बरोबर आहे का याचा तो स्वतःच विचार करत राहिला. मग त्याने दोर हिकमतच्या गळ्यात घातला, गाठ कशी डाव्या खांद्याकडे ठेवायची ते दाखवलं. "घसा मोकळा ठेव. माफी मोठ्याने मागायची असते."

त्यानंतर ओमेरचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. संध्याकाळी तो शहरात फिरायचा. शुक्रवारच्या बाजाराच्या चौकात शहराचा शेकडो वर्षांपूर्वीचा एक पुढारी ब्राँझचा पुतळा होऊन उभा आहे, त्याचा हात इंग्लंडकडे. तिकडून लोकर येई म्हणून त्याने शहराला तिकडे बोट दाखवलं. ओमेर त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहायचा, पण त्याला इंग्लंडला जायचं नव्हतं. एकदा हिकमतही बरोबर होता. घंटाघराच्या टोकावरचा सोनेरी अजगर दाखवत ओमेर म्हणाला, "हा आम्ही शेजारच्या ब्रुगे शहरवाल्यांकडून पळवलाय. आणि त्यांनी म्हणे थेट कॉन्स्टँटिनोपलहून आणलेला."

"कुठून?"

"कॉन्स्टँटिनोपल."

"म्हणजे इस्तंबूल! म्हणजे तो आमचा!" हिकमत रस्त्यातच उभा राहिला. "दादा, आमच्या गावचं माणूस वर बसलंय आणि मी रोज खालून जातोय!"

ओमेरने वर बघितलं. इतकी वर्षं तो अजगर त्याला आपला वाटत होता. आता तोही पाहुणा निघाला. या शहरात आपलं नेमकं काय आहे, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं, कारण त्या रात्री तो जेवला नाही, असं लेओनी पंपापाशी सांगत होती.

जत्रेच्या दिवशी लेओनीने त्याला दिवाणखान्याचा लाल मखमली पडदा पांघरला. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. सम्राटाच्या जुन्या वाड्याचा आता एक दरवाजाच उरला आहे, त्याच्यापुढे बिअरच्या पिंपांवर फळ्या टाकून सिंहासन केलं होतं. ढोल वाजू लागले. पांढऱ्या सदऱ्यांची रांग आली. अनवाणी, गळ्यात दोर, चेहऱ्यांवर असा अभिमान की जणू प्रत्येकाला पदक मिळालंय. ज्या जागी ओमेर चालायचा त्या जागी हिकमत होता, गाठ बरोबर डाव्या खांद्याकडे.

पोलिडोरने गुन्हे वाचले. विणकर धपाधप गुडघ्यांवर बसले आणि ओरडले, "माफी असो, महाराज!"

आता ओमेरने म्हणायचं होतं, 'उठा, केलं माफ.' त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हण की!" पोलिडोर दात आवळून म्हणाला.

"कशाची माफी?" ओमेर म्हणाला. "त्यांनी काय केलंय?"

"कर दिला नाही!"

"बरोबरच केलं त्यांनी!"

"ओमेर, नालायका, माझे गुडघे!" रांगेतून एक म्हातारा कळवळला. "खाली दगड आहेत!"

"मग ऊठ की! मी कुठे धरून ठेवलंय?"

"तू माफ केल्याशिवाय कसा उठू? मिरवणुकीचा सत्यानाश होईल!"

"पण मी कोण माफ करणारा?"

"आईशप्पथ, तू सम्राट आहेस!"

ओमेरने गर्दीकडे बघितलं. पलीकडच्या फुटपाथवर लेओनी उभी होती. ढोल इतके वाजत होते, की तिने आवाज न काढता नुसते ओठ हलवले: 'अरे मेल्या, तू भला माणूस झालास तर यांचा दोर कशाचा? जरा वाईट वाग!'

नवऱ्याला म्हणून सांगितलेलं हे गुपित रांगेतल्या प्रत्येक विणकराने वाचलं. सगळे एका सुरात ओरडले, "ऐक तिचं!"

ओमेर उभा राहिला. पडदा सावरला. हनुवटी जितकी पुढे जाते तितकी त्याने पुढे काढली आणि गरजला, "माफी नाही!"

ढोलवाल्यांचे हात थांबले. हे कागदावर कुठेच नव्हतं. माफी मिळाली की बिअर प्यायला जायचं, हे सगळ्यांना ठाऊक. माफी नाही मिळाली तर काय करायचं, हे कोणाच्याच आज्याने सांगून ठेवलेलं नव्हतं. विणकर एकमेकांकडे बघू लागले. उठावं तर परवानगी नाही, बसावं तर गुडघे नाहीत. गर्दीने सम्राटाच्या नावाने बोंब ठोकली.

आणि मग हिकमत उठला. त्याला बिचाऱ्याला कुठलाच नियम माहीत नव्हता. गुडघ्यावरची धूळ झटकून, गळ्यातला दोर सारखा करून तो थेट सिंहासनापुढे आला आणि म्हणाला, "नाही तर नाही! आमचा करही नाही!"

मग रांगच्या रांग उठली. म्हातारा उठला, दोघांनी त्याला उठवलं असं म्हणा. टोप्या उडाल्या. गेंटचे विणकर माफीवाचून उठले! पोलिडोर हातातला कागद उलटा करून बघत होता, मागे काही लिहिलंय का म्हणून. आणि ओमेर फळ्यांवर उभा, डोळ्यांत पाणी. आपला अपमान झालाय की सन्मान, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

दुकानात एकच गलका. पुढच्या वर्षी काय करायचं? बसून राहायचं की उठायचं? पोलिडोर म्हणत होता, इतिहासात असं नाही. म्हातारा म्हणत होता, इतिहासात आपले गुडघे तरुण होते. हिकमत प्रत्येकाला विचारत होता, "मी चुकलो का? खरं सांगा, चुकलो का?" आणि प्रत्येकजण त्याच्या पाठीत एक धपका घालून वेगळं उत्तर देत होता.

लेओनीने ओमेरपुढे ग्लास ठेवला. "कळलं का काही?"

"नाही."

"मग पी."

ओमेरने एक घोट घेतला, ओठावरचा फेस मखमलीने पुसला, आणि एकदम टेबलावर मूठ आपटली. "उठायचं! दरसाल उठायचं! आपल्याला माफ करणारा तो हनुवट्या लागून गेलाय कोण?" मुकुट कलंडून त्याच्या एका कानावर आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. "बसायचं म्हणणाऱ्याने माझ्यासमोर यावं! आम्ही विणकर आहोत विणकर!"

"आम्ही नव्हे, आपण," म्हातारा म्हणाला आणि त्याने सम्राटासाठी बाकावर सरकून जागा केली.