सासुरवाडी सोडून बाकी सगळीकडे

गडचांदूरच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाईप करायला लागले होते. गाड्या सोडणारे मुनशी तब्येतीमुळे घरी बसले ते परत आलेच नाहीत. शेठनी त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत बस. मी म्हटलं, शोधूच नका, मीच बसते. एवढी हिंमत कुठून आली कोण जाणे, तोंडातून निघून गेलं खरं. शेठ हसले. तीन महिने देतो म्हणाले. जमलं तर खुर्ची तुझी, नाही तर परत टाईपरायटर.

घरी अब्बांनी हातातली कात्री खाली ठेवली. ते दर्जी. मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसून ब्लाऊज शिवावेत एवढीच त्यांची इच्छा. ड्रायव्हर लोक तुझं ऐकतील का, त्यांनी विचारलं. ऐकतील, मी म्हटलं. पहिल्या आठवड्यात एकही ऐकत नव्हता.

सिमेंटच्या अकरा गाड्या होत्या. कोणती चिमूरला, कोणती नागभीडला, कोणती पार सिरोंच्याला, हे मी ठरवायचं, आणि गाडी वेळेत परतली नाही तर बोलणीही मीच खायची. मोबाईल एकट्या शेठकडे, आणि त्याला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. बाकी सगळी भिस्त वाटेवरच्या एसटीडी बूथांवर. गाडीला उशीर झाला की ड्रायव्हरचं उत्तर ठरलेलं असायचं: टायर फुटलं, बाई.

दोन आठवडे मी त्या टायरांची कीव केली. मग कोणाचं कुठे फुटलं ते वहीत लिहायला लागले. एका दुपारी वही चाळताना ताडकन सरळ बसले. एकाचं टायर चार वेळा फुटलं होतं, आणि चारही वेळा चिमूरच्या अलीकडच्या एकाच गावात. दुसऱ्याचं दरवेळी नागभीडजवळ. टायरला एवढी अक्कल कशी? पहिल्याची गाडी त्या दिवशीही अडकली होती, म्हणून चिमूरजवळच्या त्या गावच्या बूथवर फोन लावला. बूथवाला निवांतपणे म्हणाला, "टायरले काई नाई झालं. गाडी सासऱ्याच्या दारात उभी हाय, जावई जेवून राह्यले."

हसू दाबायला मला ओढणी तोंडात कोंबावी लागली. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. माझ्याकडे असे ग्रह अकरा होते, आणि प्रत्येकाखाली दहा टनांची गाडी. दारावरून जाणाऱ्या जावयाला कोंबडीचा रस्सा खाऊ घातल्याशिवाय कोणती सासू सोडेल?

टायर फुटणाऱ्या सगळ्यांच्या सासुरवाड्या मी गुपचूप वहीत उतरवल्या आणि नियम केला: ज्याची सासुरवाडी ज्या रस्त्यावर, त्याला तो रस्ता बंद. चिमूरचा जावई नागभीडला, नागभीडचा सिरोंच्याला. टायरं फुटायची थांबली. गाड्या घड्याळ लावावं तशा परत येऊ लागल्या. शेठ खास गच्चीवरून खाली उतरून बघून गेले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तीन महिने संपायला पंधरा दिवस उरले होते. एका सकाळी ऑफिसला पोचले तर अकराही गाड्या भरून उभ्या, आणि अकराही ड्रायव्हर कडुनिंबाखाली तोंडं पाडून बसलेले. एकाचं पोट दुखत होतं, एकाला चक्कर येत होती, एकाची दाढ ठणकत होती. खुर्ची गेली, असंच वाटलं. शेवटी सगळ्यांत वयस्कर ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, भाऊ, झालं काय?

"बाई, हा धोंड्याचा महिना होय," ते म्हणाले. "तीन वर्सातून एक डाव येते. जावयाले बोलावते, कपडे करते, अनारसे देते. अन् तुमी सारे जावई उलटीकडं धाडून राह्यल्या."

मी कपाळावर हात मारला. चंद्र आमच्याकडेही पाहतात, पण मधेच एक महिना जास्तीचा येतो आणि तो जावयांच्या नावावर असतो, हे मी आजवर कानाआड केलं होतं. मग तीच वही उघडली आणि सगळं उलटं फिरवलं. ज्याची सासुरवाडी जिथे, त्याची गाडी तिकडेच. अट एकच: दोन तासांत ताटावरून उठायचं.

त्या वयस्कर ड्रायव्हरपुढे मात्र वहीत जागा कोरी होती. त्यांचं टायर कधी फुटलंच नव्हतं. तुमची कुठे, मी विचारलं.

"नागभीडजवळ. बायको जाऊन सा वर्स झाले. पण बुढी अजून निरोप धाडते."

नागभीडची पहिली गाडी मी त्यांना दिली.

मग मी खरी कामाला लागले. बूथवाल्यांकरवी एकेका सासूला निरोप: जावई अकराला पोचतील, पुरण तयार ठेवा. सिमेंटबरोबर मी धोंडेही वेळेवर पोचवत होते! संध्याकाळी ड्रायव्हर कडक इस्त्रीच्या शर्टात परतायचे, आणि माझ्या टेबलावर अनारशांचे डबे एवढे साचले की बिल्ट्या लिहायला जागा उरेना. एकही गाडी उशिरा आली नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार होता. शेठ सकाळीच आले, अंगात नवा सफारी. त्यांची मोटार गॅरेजात होती आणि सासुरवाडी चिमूरची. टेबलापुढे उभे राहून त्यांनी विचारलं, एखादी गाडी तिकडे जाते का? मी वही पाहिली. दहाची गाडी आहे, केबिनमध्ये जागा आहे, दोन तास मिळतील, म्हटलं. त्यांनी तीन मागितले. मी मान हलवली. गाडीला परतताना वरोऱ्याहून माल उचलायचा होता. कडुनिंबाखाली सगळे श्वास रोखून बसले होते. शेठ निमूटपणे केबिनमध्ये चढले.

आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी गाडीजवळ गेले. "शेठ, आज तीन महिने झाले. सोमवारी मी कुठं बसू?"

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पहिले माह्या सासूले फोन लाव, जावई निघाला म्हणून सांग. सोमवारी बाकीच्यांच्या सासवा हायेतच."

मी पळत आत आले. आनंदानं मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. घाईघाईत नंबर फिरवताना चिमूरचा फोन दोनदा भलत्याच घरी लागला, आणि त्या दोन्ही घरांना मी जावई निघाल्याचं सांगून टाकलं.