दर मीटरला चार बोटं जास्त

आमच्या कापडाच्या दुकानात मोजायची एक रीत होती. लोखंडी मीटर ठाणाला लावायचा, खूण करायची आणि कात्री चालवण्याआधी पंजा आडवा ठेवून चार बोटं पुढे सरकायचं. दर मीटरला चार बोटं. गिऱ्हाइकानं मागितलेली नसायची, पण बाबा देणारच. "शिंप्याचा हात मोकळा पायजे," म्हणायचे. सिंदीच्या बाजारात कापडाची दुकानं कमी नव्हती, पण लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला खेड्यापाड्यातले लोक आमचीच पायरी चढायचे, ते या चार बोटांसाठी.

माझं अख्खं बास्केटबॉल याच चार बोटांवर उभं आहे. आणि याच चार बोटांवरून मी बाबांना एकदा असं काही बोललो की पुढची बावीस वर्षं ते माझ्या घशात अडकून राहिलं.

मी आठवीत असताना शाळेत नवे खेळाचे सर आले. गावाला कबड्डी माहीत, व्हॉलीबॉल माहीत. हे टोपलीत चेंडू टाकायचं प्रकरण कोणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. लोहारानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून, वाकवून दोन रिंगा केल्या. पाइप आले. आणि नेमकी सरांना निवडणुकीची ड्यूटी लागली. जाताना ते शाळा समितीत असलेल्या बाबांना सांगून गेले, रिंग जमिनीपासून दहा फूट, म्हणजे तीन मीटर आणि वर पाच सेंटिमीटर.

"मीटर त दुकानातच हाये, टेप कायले पायजे?" बाबा म्हणाले. पाइप जमिनीवर आडवा ठेवला, गाडायचा भाग सोडून दिला आणि ठाण मोजावं तसा मोजला. एक मीटर, चार बोटं. दोन मीटर, चार बोटं. तीन मीटर, चार बोटं. आणि वरचे पाच सेंटिमीटर, तेही सढळ हातानं!

सर परत आले, मान वर करून म्हणाले, "थोडी उंच वाटते हो."

"असू द्या नं. पोरं वाढत्या अंगाची हायेत," बाबा म्हणाले. जसं काही शाळेचा शर्टच शिवून राह्यले होते. सरांनी काही मोजलं नाही.

मग आम्ही आभाळात फेकायला शिकलो. काळ्या मातीचं मैदान, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाय मुरगळतील अशा भेगा, तरी मी सकाळ-संध्याकाळ तिथंच. उंची ताडमाड वाढत होती. आई म्हणायची, "पोरगं हाये का इजेचा खांबा वो!" चेंडू वर जायचा, वर जाऊन जरा थांबल्यासारखा वाटायचा आणि सरळ रिंगेत उतरायचा. गावात माझ्यासारखा कोणी नव्हता. मला वाटायचं जगातही नसेल.

सतराव्या वर्षी नागपूरला निवड चाचणी होती. लाकडी फळ्यांचं कोर्ट, काचेचे बोर्ड. मला दहा चेंडू दिले. आठ पार रिंगेवरून पलीकडे गेले. निवड करणारा माणूस म्हणाला, "भाई, टोकरी नीचे है. ऊपर कौए मार रहा है क्या?" सगळे फिदीफिदी हसले. मी त्या हॉलमधून कसा बाहेर आलो ते मलाच माहीत.

पॅसेंजरनं सिंदीला उतरलो तो थेट शाळेत गेलो. सरांच्या कपाटातला टेप घेतला, शिडी लावली, मोजलं. एक वीत जास्त. माझं टाळकं सरकलं. आमच्या घराण्यात राग फक्त माझ्याच वाट्याला आलाय, पण पुरेपूर आलाय. तसाच दुकानात गेलो. दोन बाया ब्लाउजपीस घेत होत्या. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "तुमाले मोजताच येत नाई! वाटोळं केलं माहं तुमच्या चार बोटांनी!"

कापडवाल्याला, त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर!

बाबांनी हातातला तुकडा कापला, घडी घातली, कागदात गुंडाळून त्या बाईला दिला. दुसऱ्या दिवसापासून मोजायला मोठा भाऊ उभा राहू लागला आणि बाबा गल्ल्यावर बसले. गुडघे दुखतात म्हणाले. सरांनी त्याच आठवड्यात दोन्ही रिंगा कापून वीतभर खाली जोडून घेतल्या. पाइपांचे वरचे तुकडे मात्र तसेच डोकं काढून राहिले. दुकानाच्या वाटेवरच शाळा. बाबा रोज तिथूनच जायचे.

पुढचं वर्ष मी फेकीचा हात खाली आणण्यात घालवलं आणि मग टीम शोधत निघालो. चौदा वर्षांत नऊ टीम. नागपूर, भिलाई, इंदूर, हैदराबाद, कोइम्बतूर. सगळीकडे कंत्राटी. कंपनीत पक्की नोकरी असलेले खेळाडू सकाळी ऑफिसात सही करून यायचे, मी होस्टेलच्या कॉटवरून यायचो. शर्टाचा नंबर जो उरला असेल तो. तीनदा तर माझ्या पाठीवर आधीच्या माणसाचं उसवलेलं नाव वाचता येत होतं. पण खोटं कशाला बोलू, ते दिवस आठवले की अजून जीव तिकडे ओढ घेतो. बसच्या मागच्या सीटवरचे पत्ते, गुडघ्याला लावलेल्या बामाचा वास, अनोळखी गावात आपल्यासाठी वाजलेली शिट्टी. मस्त दिवस होते, राजेहो.

दुसऱ्याच टीमला असताना एका सामन्यात समोर एक राक्षस उभा होता. माझा प्रत्येक चेंडू तो डास मारावा तसा मारायचा. शेवटी मी वैतागलो आणि रागाच्या भरात सिंदीच्या जुन्या सवयीनं चेंडू फेकला, आभाळात. त्याचे हात खालीच राहिले. चेंडू वरून आला आणि रिंगेला न लागता आत गेला.

"ये कहाँ से लाया?" कोचनं विचारलं.

"गाँव से," मी म्हणालो.

त्यानंतर मला टीममध्ये घ्यायचे ते त्या एका फेकीसाठी. समोर उंच माणूस असला आणि शेवटची चार मिनिटं उरली की मला बाकावरून उठवायचे. हात मी खाली आणला होता, पण पोट भरलं ते वर फेकण्यानं.

हे बाबांना सांगायचं होतं. फोनवर ते विचारायचे, "नोकरी पक्की झाली का रे?"

"नाई अजून."

"जेवला का?"

"हाव."

संपला फोन. असलं बोलणं समोरासमोर करावं असं मी ठरवलं होतं, आणि समोर आलो की पोळ्याची तयारी निघायची, कपाशीचा भाव निघायचा, भावाच्या पोरांच्या शाळा निघायच्या. तोंडापर्यंत यायचं आणि मी पाण्याचा घोट घ्यायचो. भित्रा होतो मी, दुसरं काय.

गुडघा गेला तसा गावी परतलो. आता त्याच शाळेत मुलींना शिकवतो. पुढच्या महिन्यात वर्ध्याला त्यांची निवड चाचणी आहे. जुने पाइप बुडाशी गंजून झुलायला लागले, म्हणून यंदा नवे आणले. परवा सकाळी मी टेप घेऊन बसलो होतो, तर फाटकातून बाबा येताना दिसले. आता ऐंशीला टेकलेत. बगलेत फडक्यात गुंडाळलेला लोखंडी मीटर, तेल लावून पुसलेला. बावीस वर्षांत मी तो त्यांच्या हातात पाहिला नव्हता.

"टेप ठेव तिकडं," म्हणाले. "मी मोजतो. या खेपेले चुकनार नाई. पोरींचं नुकसान नाई झालं पायजे."

खाली बसले. पाइपला मीटर लावला, खडूनं खूण केली. आणि सवयीनं त्यांचा पंजा त्या खुणेपुढे आडवा पडला. चार बोटं. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

मला ते पाहवलं नाही.

"बाबा," मी म्हणालो, "माहं नुकसान नाई झालं. चौदा वर्सं मी त्या चार बोटांवरच खेळलो. तो वरचा चेंडू नसता त मले कोनी दारात उभं केलं नसतं. त्या दिवशी दुकानात बोललो ते चुकलं माहं."

बाबांनी मीटर खाली ठेवला.

"मंग हे सांगाले इतके वर्सं काऊन लावले रे?"

पोरी पलीकडे पळत होत्या. मी पाइप घट्ट धरून ठेवला.

"नीट धर," बाबा म्हणाले. "हालून राह्यला."

मी पाइपवर पाय रोवला आणि बाबांनी पुढचा मीटर बरोबर खडूच्या खुणेपासून लावला.