उद्यामामांचा कालचा पेपर

आमच्या डोंगरकडा गावात आजचा पेपर उद्या वाचणारा एकच माणूस होता. पहाटेच्या गाडीने पेपर यायचा, दिवसभर समोरच्या हॉटेलात चहाचे डाग अंगावर घेत फिरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला तो उद्यामामांच्या शिलाई मशिनीवर आणून टाकायचा. मग मामा चष्मा पुसून पहिल्या पानापासून चवीने वाचत बसायचे. "ताजी बातमी पोटाला बाधती, मास्तर," ते मला सांगायचे. "एक रात जाऊ द्यावी. कच्चा रंग असला तर तेवढ्यात उडून जातो." वाचून झालं की त्याच पेपरवर खडूने रेघा ओढून ते कॉलरचा नाहीतर बाहीचा नमुना कापायचे. आमच्या कितीतरी पुढाऱ्यांची तोंडं अशी माझ्या देखत कातरली गेली.

नाव पडलं ते त्यांच्या धंद्यावरून. "झालं का मामा?" असं कुणी विचारलं की, "उद्या या," हे उत्तर ठरलेलं. मामांकडे दिवाळीचे कपडे टाकलेलं लेकरू ते संक्रांतीला घालतं, असं गावातले टवाळ म्हणायचे आणि ते फारसं खोटंही नव्हतं. मामा चिडायचे नाहीत. "आज देऊन टाकलं तर माणूस परत येईल काहून? उद्या म्हणलं की येतो, बसतो, दोन गोष्टी बोलतो." बसणाऱ्यांत मी पहिला. शाळेला जाताना पाच मिनिटं म्हणून टेकायचो आणि घंटा चुकवायचो.

गेल्या काही वर्षांत रेडिमेड कपड्यांनी त्यांचं काम नेलं आणि मोतीबिंदूने नजर. दुकान दुपारपर्यंतच उघडं असायचं. पँट आखूड करणं, चेन बसवणं, उशांचे अभ्रे, एवढंच काय ते उरलं. "रिटायर झालात म्हणायचं," मी एकदा चेष्टेने म्हणालो. "रिटायर न्हाई हो. हळूहळू उसवून राहिलो," असं म्हणून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

निवडणुका लागल्या की त्यांना थोडं काम मिळायचं. प्रचाराला फिरणाऱ्या पोरांचे पांढरे सदरे अजून त्यांच्याकडेच शिवायला यायचे. "आमदार इकडून तिकडं गेला, त्याच्यामागं ही पोरं गेली. मला काय तकलीफ? माप तेच हाय. पोटात तेवढं दोन बोटं वाढवून द्यावं लागतं." कुणाच्या बाजूने ते कधी बोलले नाहीत. गावातली शाळा शिकलेली पोरं कामाविना चौकात मोबाइल बघत बसतात, याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "ह्यांना कुणी रोजचं काम दिलं असतं तर ह्यांना राग यायला सवड कुठून असती?" असं ते म्हणायचे.

एकदा ती पोरं खरोखरच रागाने पेटली. कुठल्याशा गावात आपल्या माणसांना मारहाण होते आहे, असा व्हिडिओ फिरत आला. दहा-बारा जण काठ्या घेऊन निघाले, ते मामांच्या दुकानापुढून. मामा पायरीवर येऊन उभे राहिले. "उद्या जा," ते म्हणाले. "उद्या बी खरं निघालं तर मी येतो तुमच्यासंगं, ही कात्री घेऊन." पोरं हसली, आणि हसल्यावर काठी उचलणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, व्हिडिओ जुना आणि भलत्याच मुलखातला होता. तेव्हापासून त्यांच्या "उद्या"ला गावात मान आला.

त्या शब्दाला वैतागलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे मामी. घर दुकानाच्या मागेच. भाऊबीजेला भावाने दिलेली हिरवी साडी आणि तिच्यावरचा ब्लाउजचा कपडा तिने मोठ्या हौसेने नवऱ्यापुढे ठेवला होता. तो फळीवर घडी घातलेलाच राहिला. "गावाला उद्या, अन् मला परवा," असं ती चहा देताना आम्हाला ऐकवायची. मामा मान खाली घालून मशीन चालवायचे.

हळद काढणीचे दिवस होते. दुपारी मामी म्हणाली, छातीत जड वाटतंय. "उन्हाचं असंल," मामा म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला दाखवून येऊ." ती व्हय म्हणाली. सकाळची गाडी यायच्या आधीच मामी गेली.

सवाष्णीला नव्या साडीचोळीत निरोप द्यायचा असतो. बायकांनी हिरवी साडी काढली, तेव्हा ब्लाउज शिवलेलाच नाही हे ध्यानात आलं. जुना चालेल, असं कुणीतरी म्हणालं. कोपऱ्यात बसलेले मामा उठले, दुकानात गेले, फळीवरून कपडा काढला आणि मशिनीवर बसले. माप घ्यायची त्यांना गरज नव्हती. अंगणात सगळे गोळा झालेले, तिरडी बांधून तयार, आणि गल्लीभर फक्त त्या मशिनीचा आवाज. मामीचा भाऊ दारात जाऊन हात जोडून म्हणाला, "दाजी, राहू द्या आता." मामांनी वर पाहिलं नाही. "थांबा," ते म्हणाले. "आज देतो." हुक लावताना त्यांना सुईत दोरा ओवता येईना. तो मी ओवून दिला.

मामांना कुणी बोल लावला नाही. नांदेडला नेलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मामांपुरता त्याचा निकाल लागला होता.

आता ते पहाटे गाडीच्या थांब्यावर स्वतः उभे असतात. पेपर विकत घेतात, तिथेच वाचतात, आणि लढाया, पूर, परीक्षांचे फुटलेले पेपर असं सगळं ताजं ताजं डोक्यात घेऊन दुकान उघडतात. बोलायला कुणी नसतं. काम हातोहात मिळतं म्हटल्यावर गिऱ्हाईक बसेल कशाला?

परवा मी मुद्दाम एक पँट आखूड करायला नेली. "घाई नाही मामा, उद्या दिली तरी चालेल," मी म्हणालो. खरं तर चालेल नव्हे, मला तेच हवं होतं.

"बसा. हातातच घेऊन जा."

त्यांनी पँट उसवली, मुडपली, शिवली, इस्त्री केली. मी म्हणालो, "आता मीच कालचा पेपर वाचतो, मामा. तुमच्यासारखा." त्यांनी दाताने दोरा तोडला. "न्हाई मास्तर. तसं करू नका," एवढंच बोलले आणि घडी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती. पायरी उतरताना नेहमीच्या सवयीने मी म्हणालो, "येतो मामा, उद्या भेटू."

मामांनी आजचा पेपर मशिनीवर पसरला आणि त्यावर खडूने रेघ ओढली.