अडीच वाजताची सावली

सिनेमातल्या ट्रिकच्या धंद्यात माझं सगळं आयुष्य गेलं. नट जमिनीवर उभा राहून हातपाय झाडतो, आम्ही त्याला कड्यावर लटकवतो. हे कुठं शिकलात, असं कोणी विचारलं की मी म्हणतो, फोटो बघून. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पांढुर्ण्याला आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करत होतो. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायची आणि लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचे. कंटाळवाणं काम. मला वेड होतं ते रद्दीतल्या जुन्या मासिकांमधल्या फोटोंचं. जेवणाच्या सुट्टीत एकेक पान समोर धरून, फोटो काढताना सूर्य कुठं होता ते मी शोधायचो. भिंतीची सावली, नाकाची सावली, घागरीची सावली. मालक म्हणायचे, "काहून डोळे फोडून राहिला बे?"

माझा मोठा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. हसरा माणूस, पण दगडाला भ्यायचा. आमच्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. पांढुर्ण्याच्या लोकांनी तो आणायचा, पलीकडच्या सावरगावकरांनी आणू द्यायचा नाही, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड. दादा त्या दिवशी दार लावून निजून राहायचा. दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये त्याला विचारायचे, "काय भौ, यंदाई पोट दुखलं का?"

मला त्याचा राग आला. दादाचा नाही, विचारणाऱ्यांचा. यांची जिरवायची, असं मी ठरवलं.

मागच्या गोटमारीत मालकांनी पुलावरून काढलेला एक फोटो होता. नदी, झाड, भोवती माणसं. सावल्यांवरून मी वेळ काढली, दुपारचे अडीच. चैत्रातल्या एका रविवारी बरोबर अडीच वाजता दादाला अंगणातल्या शेवग्याला मिठी मारायला लावली, एक हात वर, आणि शेजाऱ्यांच्या माडीवरून त्याचा फोटो काढला. तो हसून हसून बेजार झाला होता. दादाला ब्लेडनं कापून काढला, कागदाची कड घासून पातळ केली, नदीतल्या झाडाला चिकटवला, सांधे ब्रशनं बुजवले आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. पाण्यावर सावली तुटक पडते, ती जमेपर्यंत चारदा केला.

फोटो इतका साधला की मालकांनी तो शोकेसमध्ये लावला. मी फुशारून गेलो. जिनिंगमधली चेष्टा बंद झाली. पहिल्या आठवड्यात दादा नुसता हसायचा. मग एके दिवशी चहाच्या टपरीवर तो कोणाला तरी सांगताना ऐकलं, की झाडापाशी पाणी कसं कमरेपर्यंत होतं.

मायनं फोटो पाहिला आणि मला म्हणाली, "काहून धाडलं त्याले नदीत?"

मी कात्री, ब्लेड, ब्रश सगळं समजावून सांगितलं.

"धाडलंच ना," ती म्हणाली.

पोळ्याच्या आधी चार दिवस सावरगावचा एक माणूस पासपोर्ट फोटो काढायला आला. शोकेससमोर बराच वेळ उभा राहिला. मग आत येऊन शांतपणे म्हणाला, "मागच्या साली मी झाडाजवळच होतो. हा मले दिसला नाई."

तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "गर्दीत कोण कोणाले दिसते?"

"बरं. यंदा पाहून घेऊ म्हना त्याले."

मी फोटो शोकेसमधून काढून घेतला, पण त्या माणसाचा निरोप जिनिंगपर्यंत पोचला होता. घरी दादाला म्हणालो, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो. त्यानं माझा हात धरला. "तू सांगशील तं मी जिनिंगात तोंड कसं दाखवू? सांगू नको कोनाले."

गोटमारीच्या दिवशी मालकांनी मला कॅमेरा देऊन पुलावर पाठवलं. अडीचच्या सुमारास दादा नदीत उतरला. त्याच्या हातात दगड नव्हता. तो सरळ झाडापाशी गेला, खोडाला मिठी मारली आणि एक हात वर केला, मी शेवग्यापाशी शिकवला होता तसाच. कॅमेऱ्यातून मी पाहिलं. पाण्यावरची सावली बरोबर पडली होती. मी खटका दाबला, फिल्म पुढं सरकवली, पुन्हा डोळा लावला. दादा तिथं नव्हता.

डावा डोळा गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं. दगड सावरगावचा की आपल्याच काठावरचा, ते कोणी सांगू शकलं नाही. ती फिल्म मी कधी धुतली नाही. मी एखादी सावली चुकवली असती तर लोक हसले असते आणि विषय संपला असता. आजही कामात सावली जुळली की मला बरं वाटत नाही.

पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी सौंसरकडच्या. लग्नाचा फोटो माझ्याकडे देऊन तो म्हणाला, "डोळा बसवून दे."

मी त्याचाच उजवा डोळा आरशातल्यासारखा उलटा छापून डाव्याच्या जागी बसवला. उलटल्यामुळं बुबुळातला उजेडाचा ठिपका चुकीच्या बाजूला गेला. ब्रशच्या एका टोकानं तो दुरुस्त झाला असता. मी तसाच ठेवला. एकदा तरी कोणी म्हणावं, हे केलेलं आहे.

सगळे म्हणाले, काय छान आलाय. दादा मात्र फोटो खिडकीशी घेऊन गेला, उरलेल्या डोळ्यानं जवळून पाहिला. "उजेड दोन्हीकडून कसा येऊन राहिला बे?"

मी फोटो परत घ्यायला हात पुढं केला.

"असू दे," तो म्हणाला. "सांगू नको कोनाले."