चेन्नईच्या पार्टीचा फोन

"मॅडम, मले सारं पाठ हाये. पण फोन वाजला का डोकं कोरं होऊन जाते."

सुनंदा हे म्हणाली तेव्हा महिन्याच्या मुदतीतले तिच्या हातात दहाच दिवस उरले होते. रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा फोन ती आठ वर्षं सांभाळत होती. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या, आणि तिच्या सेठजींना चेन्नईची पार्टी मिळाली होती. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पार्टी म्हणजे माल पाठवणारं किंवा मागवणारं गिऱ्हाईक. या पार्टीला हिंदी येत नव्हतं. सेठजींनी मला बोलावलं आणि सुनंदाच्या देखत सांगितलं, "महीने भर में इसको इंग्लिश आ गई तो ठीक. नहीं तो भिलाई से लड़की देख रखी है मैंने."

सुनंदाच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. हे सेठजींना माहीत होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी तेव्हा शंकर नगरात दोन खोल्यांत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेत असे. ऑफिसात जाऊन शिकवायचं हे माझं पहिलंच काम. ते सोडायचं नाही, आणि या बाईची फोनवरची नोकरीही जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

फोनवर काम करणाऱ्याला लागतं किती? कॅन, मस्ट, शुड, विल हे छोटे शब्द लागतात. जमेल की नाही, करावंच लागेल, केलेलं बरं, करणार आहे, एवढंच ते सांगतात. त्यांच्यामागे येतं मूळ काम: वेट, लुक, डिपेंड. आणि त्या कामाला शेवटी एक ठरलेलं शेपूट असतं: वेट फॉर, लुक इंटू, डिपेंड ऑन. मराठीत आपण 'तुझ्यावर' म्हणतो, 'वर' माणसाला चिकटतो. इंग्रजीत तो क्रियापदाच्या मागे लागतो आणि आपली माणसं नेमकी तिथेच अडखळतात. माझे वडील रेल्वेत गार्ड होते, सुनंदाचेही रेल्वेतलेच. म्हणून मी तिला सांगितलं, "पुढे इंजिन, मंधात डबा, मागे गार्डाचा डबा. तीनही लागल्याशिवाय गाडी सोडायची नाही." ती हसली. तिला ते लगेच पटलं.

शिकायला ऑफिसातले पाच जण होते. मी वाक्यं म्हणायची, ते एका सुरात मागून म्हणायचे. आय विल लुक इंटू इट. वी कॅन वेट फॉर यू. विसाव्या दिवशी सेठजी ऐकायला आले तेव्हा वर्ग असा दणदणीत बोलला की माझी मान ताठ झाली. मग त्यांनी सुनंदाला एकटीला उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

सेठजी निघून गेले. मला त्या वेळी खरोखर लाज वाटली, कारण चूक माझी होती. बुकिंगवाले वर्माजी खणखणीत आवाजात म्हणायचे आणि बाकीचे अर्धा शब्द मागून त्यांच्यावर तरंगायचे. घोळक्यातला आवाज मी एकेकाचा धरून चालले होते. पंधरा वर्षं शिकवूनही मला हे कळू नये, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवसापासून घोळका बंद. गोदामात एक इंटरकॉम होता. मी पोत्यांच्या थप्पीवर बसायची, सुनंदा ऑफिसात, आणि जेवणाच्या सुट्टीत तासभर मी तिला फोन करायची. तोंड दिसत नाही, हातवारे नाहीत, वर्माजी नाहीत. मी चिडलेलं गिऱ्हाईक व्हायची आणि नाही नाही ते बोलायची. तिसऱ्या दिवशी तिनं फोन आपटला. मी पुन्हा लावला.

"काहून कापला?"

"राग आला मले. कशा बोलून राहिल्या तुमी."

"मंग इंग्रजीत कर राग. मी आयकतो."

ती सावकाश म्हणाली, "मॅडम, यू शुड नॉट शाउट ॲट मी." कोणाच्याही मागून न म्हटलेलं ते तिचं पहिलं वाक्य. मला पोत्यांवरच हसू फुटलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी चेन्नईचा फोन आला. सेठजींनी स्पीकर लावला आणि तिच्या शेजारी उभे राहिले. पार्टीच्या मालाची गाडी कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. अशा वेळी भनपुरीत एकच उत्तर असतं. गाडी गॅरेजात असो की ड्रायव्हर ढाब्यावर झोपलेला असो, "गाड़ी रास्ते में है, कल सुबह पहुँच जाएगी." सुनंदानं हे वाक्य आठ वर्षांत हजारदा म्हटलं असेल, तेही पापणी न लववता. सेठजी हातानं तेच सुचवत होते.

सुनंदानं फोन घट्ट धरला. "सर, आय मस्ट चेक विथ द ड्रायव्हर. यू शुड नॉट डिपेंड ऑन धिस ट्रक टुमॉरो. आय विल कॉल यू ॲट फाइव्ह." म्हणजे, ड्रायव्हरला विचारावं लागेल, उद्या या गाडीच्या भरवशावर राहू नका, पाच वाजता मी फोन करते.

पलीकडून आवाज आला, "ऑल राइट. आय विल वेट फॉर युअर कॉल."

फोन ठेवताच सेठजी कडाडले, "सच बोलने को किसने कहा था तेरे को?"

सुनंदा घाबरली होती, पण तिनं उत्तर सरळ दिलं. "सेठजी, झूठवाला मैडम ने सिखाया ही नहीं."

पाचच्या आत तिनं वाटेवरच्या चार ढाब्यांना फोन लावून ड्रायव्हर शोधला. गाडीचा एक्सल तुटला होता, दोन दिवस लागणार होते. तिनं पाचला तसंच कळवलं. पार्टीनं आपल्याकडचं काम दोन दिवस पुढे ढकललं, आणि सांगून ठेवलं की पुढच्या महिन्यापासून आम्ही बोलू ते त्या बाईंशीच. भिलाईची मुलगी आली नाही.

सेठजींनी मात्र नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, 'रास्ते में है' इंग्रजीत शिकवायला किती दिवस लागतील. मी म्हटलं, ते माझ्या कोर्समध्ये नाही.

एवढ्या वर्षांत मी एक शिकले. परक्या भाषेत खरं बोलायला माणसाला महिना पुरतो, खोटं बोलायला फार वर्षं लागतात. तेवढ्या काळात खऱ्यावरच गिऱ्हाईक बांधून घ्यावं.